दिव्यांग लेकराच्या शाळेसाठी भांडताय? मग या चुका टाळा

मराठवाड्यात दिव्यांग लेकराला शाळा नाकारली जाते ती जवळजवळ नेहमी तोंडीच. "ताई, ह्याला सांभाळायला आमच्याकडं माणूस नाही. पडला-झडला तर जबाबदारी कुणाची? त्यापेक्षा विशेष शाळेत घाला." हेडसर हे गोड शब्दांत, चहा पाजून सांगतात. आई-बाप घरी परततात आणि सरकारदरबारी त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. अर्ज नाही, नकार नाही, तारीख नाही. वर्षभरानं एखादा वकील मदतीला उभा राहिला, तरी त्याच्या हातात द्यायला एक चिटोरा नसतो. कायदा भक्कमपणे पालकांच्या बाजूनं असताना त्यांची हार इथंच होते, असं माझं ठाम मत आहे.

तोंडी विचारणं, तोंडी उत्तर ऐकून घेणं

अर्ज लिहायला वकील लागत नाही. वहीच्या पानावर मराठीत लिहिलं तरी चालतं. लेकराचं नाव, वय, अडचण काय आहे, कोणत्या वर्गात प्रवेश हवा, एवढं लिहा. त्याखाली दोन वाक्यं घाला: "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 नुसार माझ्या मुलास भेदभाव न करता प्रवेश द्यावा. प्रवेश देता येत नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे." बहुतेक ठिकाणी हे दुसरं वाक्यच काम करून जातं, कारण नकाराखाली सही करायला कुणीच राजी नसतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक शाळेला द्या, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर थांबा, पोच घेऊनच निघा. पोच देतच नसतील तर त्याच दिवशी पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. केंद्रप्रमुखांनी किंवा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेबांनी फोनवर काही सांगितलं असेल, तर दुसऱ्या दिवशी पत्र द्या: "काल आपण फोनवर असे सांगितलेत, त्यानुसार..." त्या पत्राची पोच मिळाली की तोंडी बोलणंही कागदावर येतं.

कलम 16 फक्त झेडपीच्या शाळेपुरतं आहे, हा गैरसमज फार पसरलेला आहे. शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या सगळ्या संस्था त्यात येतात, म्हणजे मान्यता असलेली खासगी इंग्रजी शाळासुद्धा. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के प्रवेशात दिव्यांग लेकरं वंचित घटकात मोडतात. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर आपल्या राज्यात त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. तरीही कित्येक पालक तहसीलच्या त्या दाखल्यामागं पळत राहतात आणि अर्जाची मुदत निघून जाते.

समोर ठेवलेल्या कागदावर सही करणं

"आम्ही स्वखुशीने दाखला काढून घेत आहोत." हे वाक्य टीसीच्या अर्जात दिसलं तर सही करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नं प्राथमिक शिक्षण (म्हणजे आठवी) पूर्ण होईपर्यंत लेकराला शाळेतून काढायला मनाई आहे. काढता येत नाही, म्हणूनच तर तुमच्याकडून लिहून घेतात. (दोन्ही कायद्यांत कलमाचा आकडा 16 च आहे, अर्जात कायद्याचं नाव न विसरता लिहा.)

घरी शिक्षणाचंही असंच. तीव्र दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगत्व असलेल्या लेकराला घरी शिकण्याचा पर्याय 2012 च्या दुरुस्तीनं दिला. तो लेकराचा हक्क आहे, शाळेला लेकराला घरी बसवण्याची मुभा नव्हे. विशेष शाळेबाबत 2016 च्या कायद्याचं कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या लेकराला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनं, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती त्याची, हेडसरांची नाही. आपल्याकडं बऱ्याच विशेष शाळा निवासी आहेत. सात वर्षांच्या लेकराला आईपासून तोडून तिथं ठेवायचं का, हे दुसऱ्या कुणी ठरवावं हे मला मान्य नाही.

प्रमाणपत्राची वाट बघत वर्ष घालवणं

"आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू." हे ऐकून सिव्हिलच्या, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या, चकरा सुरू होतात. चकरा मारा, यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करा, त्याची नोंदणी पावती जपा. पण प्रवेश त्यासाठी थांबवू देऊ नका. सहा ते चौदा वयाच्या कुठल्याही लेकराला शाळेत बसण्याचा हक्क आहे. प्रमाणपत्र लागतं ते सवलतींसाठी. टक्केवारी 40 च्या खाली आली तर सगळं संपलं, असंही नाही. भेदभाव न करणं, गरजेनुसार सोय करणं हे 2016 च्या कायद्याच्या कलम 16 मधलं बंधन 40 टक्क्यांची अट घालत नाही. आणि वैद्यकीय बोर्डानं दिलेली टक्केवारी चुकीची वाटली तर त्याच कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. हे अपील कुणी करताना क्वचितच दिसतं.

बीड, धाराशिव, जालन्याकडच्या ऊसतोड कुटुंबांची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड आहे. दिवाळीच्या आगेमागे कोयता (ऊसतोड जोडपं) कारखान्याला निघतो, आणि तालुक्याचं तपासणी शिबिर किंवा सिव्हिलची तारीख नेमकी त्याच महिन्यांत पडते. निघण्याआधी तीन गोष्टी करा. शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्या, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. लेकराच्या कागदांच्या झेरॉक्स सोबत ठेवा. आणि तपासणीची तारीख पुढं मिळावी असा अर्ज देऊन पोच घ्या. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या लेकराचं नाव "सतत गैरहजर" म्हणून पटावरून उडू नये, यासाठी जाण्यापूर्वी हेडसरांना लेखी कळवा.

"लक्ष द्या हो" एवढंच मागणं

मागणी मोघम असली की उत्तरही मोघमच येतं. नेमकं मागा. पहिल्या बाकावर जागा, मोठ्या अक्षरातली पुस्तकं, शौचालयापर्यंत उतार, विशेष शिक्षक कोणत्या वारी येणार. 2016 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये मोफत पुस्तकं आणि साहित्य, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं आहे. त्याच कायद्याच्या कलम 16 मध्ये वाहतुकीची सोयही आहे.

सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक तालुक्याला असतात आणि अनेक शाळा फिरतात, त्यामुळं "ते येतात की" हे उत्तर ठरलेलं. ते किती वेळा आले आणि लेकराला काय शिकवलं, याची नोंद माहिती अधिकारात मागा. 10 रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला 30 दिवस. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिकला 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना 15 मागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं, आणि मार्च 2025 मध्ये राज्यांना पदं निर्माण करायचे आदेश दिले. अर्जात याचा उल्लेख करा.

अमेरिकेचा कायदा इथं लावणं

व्हॉट्सॲपवर, यूट्यूबवर पालकांना आयईपीची बैठक, सुनावणी, अ‍ॅडव्होकेट असं बरंच ऐकायला मिळतं. ती व्यवस्था तिकडच्या कायद्याची आहे. आयईपी म्हणजे लेकराचा वैयक्तिक शिक्षण आराखडा. तो इथंही जरूर मागा, पण अर्जात 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदा लिहा.

दहावीच्या सवलती फेब्रुवारीत आठवणं

तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक, विषयातली सूट या सवलती विभागीय मंडळाकडं शाळेमार्फत आधी मागाव्या लागतात. लातूर, नांदेड, धाराशिवचं मंडळ लातूरला, बाकी पाच जिल्ह्यांचं छत्रपती संभाजीनगरला. नववीत असतानाच प्रमाणपत्र तपासून घ्या. जुनं, मुदत संपलेलं प्रमाणपत्र परीक्षेच्या तोंडावर सापडलं तर सिव्हिलची तारीख मिळेपर्यंत पेपर होऊन जातात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, कारण त्यांच्या चाचण्यांना वेळ लागतो आणि सोय मोजक्याच सरकारी रुग्णालयांत असते.

चुकीच्या दारात, चुकीच्या क्रमानं

रागाच्या भरात पहिल्याच दिवशी "गुन्हा दाखल करतो" म्हणू नका. 2016 च्या कायद्यात कलम 92 आहे. दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत जाणूनबुजून अपमानित केलं तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा होऊ शकते. लेकराला खरंच तसं वागवलं गेलं असेल तर मागं हटू नका. पण प्रवेशाच्या वादात त्याची धमकी दिली की शाळा एकजूट होते आणि त्याच शाळेत रोज बसायचं लेकराला असतं.

शाळेनंतर गटशिक्षणाधिकारी. तिथंही नाही झालं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली जिल्हा परिषदेकडं किंवा नगरपालिकेकडं लेखी तक्रार. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडं. दिव्यांगत्वामुळं हक्क डावलला असेल तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडंही जाता येतं. त्यांना चौकशीत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांचं कार्यालय पुण्याला आहे, पण तिथं खेटे घालायची गरज नाही, अर्ज टपालानं पाठवा. प्रत्येक ठिकाणी आधीच्या अर्जाची पोच जोडा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं महिला, बालक आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि 15100 हा फोन आहे. जाताना आधार कार्ड, प्रमाणपत्र किंवा त्याच्या अर्जाची पावती, आणि शिक्का मारलेल्या सगळ्या प्रती तारखेनुसार लावून न्या.