फोकलोरमध्ये इड कसा ओढायचा (हात न दुखवता)

फोकलोर हा २००७ चा पीएस३ (प्लेस्टेशन ३) चा गेम. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं डूलिन गाव, तिथून मेलेल्यांच्या जगात जायचं आणि तिथले जीव म्हणजे फोक पकडून त्यांनाच लढायला लावायचं. खेळायला एलन आणि कीट्स अशी दोन पात्रं आहेत, कुणालाही घ्या, पकडायची पद्धत तीच.

१. चार बटणांना चार फोक लावा आणि समोरच्याला बडवत राहा.

२. त्याचा इड म्हणजे आत्मा लाल होऊन बाहेर दिसला की कंट्रोलरवरचं आर१ बटण दाबून धरा.

३. आता कंट्रोलर हलवून तो इड ओढा, म्हणजे फोक तुमचा. अर्धे लोक इथेच गेम सोडतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की कंट्रोलर जोरात हलव. अजिबात ऐकू नका. छोट्या फोकला वरच्या दिशेने एकच झटका, पतंगाला खेच देताना मनगट हलतं ना तेवढाच, खांद्यातून काहीही करायचं नाही. मोठे फोक मात्र झुंजतात, कुणाला डावीकडे-उजवीकडे हेलकावे द्यावे लागतात, कुणाला तोल सांभाळत सावकाश कलवावं लागतं, आणि तिथे घाई केली की इड सुटलाच म्हणून समजा.

मी एका मोठ्या फोकवर अख्खी रात्र घालवलीये. पलंगावर आडवा पडून खेळत होतो, कंट्रोलर मुळातच तिरका, मग तोल कसा जमणार? उठून ताठ बसलो, कोपरं मांडीवर टेकवली, कंट्रोलर जमिनीला समांतर धरला आणि दुसऱ्याच प्रयत्नात ओढला. आणि स्वस्तातला डुप्लिकेट कंट्रोलर घेऊ नका, माझ्या कंट्रोलरमध्ये मोशन सेन्सर, म्हणजे हालचाल ओळखणारा भागच नव्हता, बटणं सगळी चालत होती म्हणून हे कळायला दोन दिवस गेले.

मोठ्याला ओढण्याआधी आजूबाजूचे साफ करा, ओढताना तुम्ही उघडे पडता. छोटे असतील तर उलट करा, तीन-चार जणांचे इड लाल होऊ द्या आणि सगळे एकदम ओढा, अनुभवाचे गुण जास्त मिळतात.

४. गेममध्ये सापडणाऱ्या चित्रपुस्तकाची सगळी पानं गोळा केल्याशिवाय बॉसकडे, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूकडे, जाऊ नका, कोणता फोक चालेल ते त्या चित्रांतच दिलेलं असतं.

५. पकडलेल्या फोकची ताकद वाढवायची तर त्याची यादी उघडून अट वाचा, कुणासाठी तोच फोक परत परत ओढावा लागतो, कुणाला ठरावीक वस्तू द्यावी लागते.