मेळघाटच्या डोंगरावरची झाडी उपग्रहातून कशी तपासावी

चिखलदऱ्याच्या आसपासचा एखादा उतार विरळ होतोय की दाट, हे घरबसल्या आणि फुकट पाहता येतं. पण सागाचं जंगल फसवतं. नोव्हेंबरात गर्द असलेला उतार मार्चअखेर पानगळीनं उघडा पडतो. एका वर्षाचा नोव्हेंबर दुसऱ्या वर्षाच्या मार्चशी ताडला, तर अख्खा डोंगर तोडलेला दिसेल. म्हणून पंधरवडा एकच धरा. नोव्हेंबरचा दुसरा उत्तम: आभाळ निवळलेलं, साग अजून पानांत, गवत मात्र वाळू लागलेलं. पाऊस लांबला की पानंही उशिरा गळतात, तेव्हा दोन नव्हे, चार-पाच वर्षं पाहा.

कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या फुकट उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर खातं उघडा. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांचा एल२ए (हवेचा परिणाम काढून टाकलेला) प्रकार निवडा, ढगांची मर्यादा १० टक्के ठेवा, उतार आखून घ्या आणि एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा आकडा लावा. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) परत फेकतं; अवरक्त वजा लाल, भागिले दोहोंची बेरीज म्हणजे हा आकडा. भरल्या सागाला तो साधारण ०.७ च्या पुढे जातो, पानगळीनंतर ०.३ च्या आसपास उतरतो.

आता बी४ (लाल) आणि बी८ (अवरक्त) हे पट्टे ३२-बिट टिफ फायलींत उतरवा. रंगीत चित्र मोजणीला चालत नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमधल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्येक वर्षाचा एनडीव्हीआय काढून नव्यातून जुना वजा करा. ०.१५ पेक्षा जास्त घसरण झालेले चौकोन (चित्राचे ठिपके, म्हणजे पिक्सेल) वेगळे काढा. एक चौकोन १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौकोनांचा एक हेक्टर. सुटे चौकोन सोडून द्या.

ब्राउझरऐवजी मूळ फायली घेतल्यात तर सावध राहा. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या आणि नव्यानं प्रक्रिया केलेल्या जुन्या फायलींत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत, तर धडधाकट जंगलही सुकलेलं दिसतं.

उपग्रह साडेदहाच्या सुमारास जातो. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असल्यानं वायव्येकडचे कडे सावलीत राहतात, ते वगळा. मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, त्याचे काळे डाग एप्रिलच्या चित्रात तोडीसारखे दिसतात.

उलटंही घडतं. झाडं गेली आणि रायमुनिया (घाणेरीची झुडपं) माजली, तरी आकडा चढाच राहतो. त्यामुळे किमान ३० बाय ३० मीटरचा डाग निवडून, वनविभागाची परवानगी घेऊन, त्याच्या मधोमध जा. मोबाइलवर जागेची नोंद करा, चारही दिशांचे फोटो काढा आणि ताजे बुंधे मोजा.