परसातल्या बारक्या किड्यांचे फोटो कसे काढायचे आणि ओळखायचे कसे

कोकणात परसातच एवढे किडे असतात की लांब कुठे जायची गरजच नाही. मोबाईलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावा, पण ती लावली की किड्याच्या अगदी जवळ जावं लागतं आणि फोकस जेमतेम मिलिमीटरभरच राहतो, म्हणून झूम न करता हात खोडाला टेकवून मोबाईलच हळूहळू पुढेमागे करायचा आणि डोळा शार्प दिसला की धडाधड बर्स्ट मारायचा, म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो काढायचे. सकाळी लवकर जा, वारा कमी असतो, किडेपण सुस्त असतात. किडा फ्रीजमध्ये ठेवून वगैरे फोटो काढू नका प्लीज.

ओळखायला एक फोटो पुरत नाही, वरून, बाजूने आणि तोंडाकडून हवेत, झाड कुठलं तेही टिपा. आणि आधी पाय मोजा! आंब्यावर ओंबील असतात ना, त्या लाल मुंग्या, त्यांच्यासारखाच दिसणारा एक कोळी आहे, मिर्माप्लाटा, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून फिरतो, पण पाय आठ आणि समोरून बघितलं तर दोन मोठ्ठे डोळे, मुंगीला मात्र पाय सहा आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. हा फोटोत सापडला की जाम भारी वाटतं!

फुलावरची 'मधमाशी' पण नीट बघा. मधमाशीला पंख चार, पण मागचे पुढच्यांना बारीक हुकांनी अडकलेले म्हणून दोनच वाटतात, तेव्हा मिशा बघा, अगदी आखूड असतील तर ती बहुतेक फुलमाशी, म्हणजे मधमाशीसारखी दिसणारी पण खरोखर दोनच पंखांची माशी. नाव अडलंच तर आयनॅचरलिस्टवर, म्हणजे फोटोवरून जीव ओळखायला लोक मदत करतात त्या ॲपवर, तारीख आणि ठिकाणासकट टाका.