मागावरून उचला अवघड इंग्रजी शब्द

सोलापुरात 'टेक्स्टाइल' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. सुरुवात तिथूनच करा. 'विणणे' या अर्थाच्या लॅटिन 'टेक्सेरे'पासून टेक्स्टाइल, टेक्स्ट, कॉन्टेक्स्ट, प्रीटेक्स्ट असं अख्खं कुटुंब निघालं. रोज असं एकच कुटुंब घ्या, चार-पाच शब्द पुरेत. नुसत्या यादीने अर्थ कळतो, पण वापर जमत नाही. म्हणून शब्द त्याच्या जोडीदारासकट लिहा. मुसळधार पाऊस 'हेवी रेन', 'स्ट्राँग रेन' नव्हे. मराठीतलं 'च्याबद्दल' डोक्यात असल्याने 'डिस्कस अबाउट' तोंडातून निसटतं. तिथे 'अबाउट' लागतच नाही. 'लूम'ला विशेष जपा: नाम असेल तर माग, क्रियापद असेल तर संकट समोर उभं ठाकणं. उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी करा, इंग्रजी बाजू झाकून. मराठी झाकली तर शब्द फक्त ओळखता येतो, बोलताना आठवत नाही.