रील बघून सीरम मागवताय? या चुका टाळा

चेहऱ्याला काय लावायचं हे हल्ली कॉलेजच्या मुलामुलींचं रील्सच ठरवतात. त्यात सगळंच वाईट आहे असं नाही, सनस्क्रीनची सवय कितीतरी जणांना तिथूनच लागलीय. पण प्रॉडक्ट निवडताना काही चुका हमखास होतात आणि त्या निस्तरायला मग महिने जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुसऱ्याचा चेहरा बघून आपल्यासाठी घेणं. रीलमधल्या मुलीची स्किन कोरडी, तुमची तेलकट, वरून रिंगलाइट आणि फिल्टर, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पेड पार्टनरशिप' (म्हणजे पैसे घेऊन केलेली जाहिरात) लिहिलेलं असतं ते कुणी वाचतच नाही. डिस्काउंट कोड दिलाय म्हणजे बऱ्याचदा तुमच्या खरेदीवर तिला कमिशन मिळतं, तेव्हा व्हिडिओ राहू दे, आधी डब्यामागची यादी वाचा.

दुसरी चूक, सगळं एकदम सुरू करणं. सकाळी व्हिटॅमिन सी, संध्याकाळी सॅलिसिलिक ॲसिड, रात्री रेटिनॉल, आणि आठवड्यात चेहरा लालेलाल, साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं. मग कमेंटमध्ये कुणीतरी सांगतं, "पर्जिंग आहे गं, चालू ठेव." अजिबात ठेवू नका! पर्जिंगमध्ये, म्हणजे नवीन प्रॉडक्टने सुरुवातीला पुळ्या वाढतात तेव्हा, त्या साधारण नेहमीच्याच जागी येतात, पण सारखी आग आणि खाज होत असेल तर त्वचेचं वरचं संरक्षक आवरण बिघडलंय. सगळी ॲक्टिव्ह्ज, म्हणजे वरच्या व्हिटॅमिन सी, ॲसिड, रेटिनॉलसारखी प्रॉडक्ट्स, बंद करा, सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, बस्स, एवढंच. सावरायला काही आठवडे लागू शकतात. मग एका वेळी एकच नवीन गोष्ट, तीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघायची.

लिंबू चोळायचे व्हिडिओ तर सरळ स्क्रोल करा, लिंबाच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) 2 च्या आसपास आणि त्वचेचा 5 च्या, आग होणारच ना.

पिंपल्सच्या योग्य औषधालाही फरक दाखवायला 6 ते 8 आठवडे लागतात, त्यामुळे दर 10 दिवसांनी नवीन ट्रेंड पकडलात तर नक्की काय लागू पडलं ते कळणारच नाही.

आणि झटपट गोरं करणारी बिनलेबलची क्रीम कुणी कितीही भारी म्हणो, घेऊ नका प्लीज, अशा क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडलेला आहे. आधीच लावत असाल, किंवा पुळ्या खोल, दुखऱ्या आणि डाग सोडणाऱ्या असतील, तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा आणि जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब-बाटल्यांचे फोटो सोबत न्या.