गॅस पेटवायचं त्राण नसेल, त्या दिवशी काय खावं?

ताप उतरलेला असतो, पण उभं राहवत नाही. कधी रात्रपाळी करून सकाळी नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतून घरी आल्यावर डोळे मिटत असतात. कधी मनच इतकं जड झालेलं असतं की कांदा चिरणंही नको वाटतं. अशा दिवशी आपण चहा-बिस्किटांवर भागवतो आणि संध्याकाळपर्यंत अंग आणखी गळून जातं. चिकुनगुनियानंतर माझ्या बोटांत कित्येक आठवडे लाटणं धरवत नव्हतं. न शिजवता नीट कसं जेवायचं, ते मी तेव्हा शिकले.

सगळ्यात आधी, बरं वाटत असेल त्या दिवशी एक डबा भरून ठेवा. त्यात पातळ पोहे, सातूचं पीठ, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, साळीच्या लाह्या, मेतकूट, गूळ आणि मनुका असू द्या. रविवार कारंजाच्या बाजूला गेलात तर हे सगळं एका फेरीत मिळतं. डबा ओट्यावरच ठेवा, वरच्या फळीवर नको. आजारी माणसाचा हात तिथे पोचत नाही. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून काकडी, टोमॅटो, लिंबं आणि केळी आणा. फ्रिजमध्ये दही असावंच.

खाताना एवढंच बघा: पोट भरायला पोहे, लाह्या किंवा सातू, प्रथिनांसाठी दही, फुटाणे किंवा शेंगदाणे, आणि सोबत एक फळ किंवा कच्ची भाजी. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे मूठभर दाण्यांतूनही सहा-सात ग्रॅम मिळतात.

माझा सगळ्यात मोठा आधार म्हणजे बिनफोडणीचे दडपे पोहे. एक काकडी आणि एक टोमॅटो किसून घ्या. किसणी धरवत नसेल तर टोमॅटो हातानेच कुस्करा. त्यात मीठ, चिमूटभर साखर आणि अर्धं लिंबू घालून पाच मिनिटं तसंच ठेवा. भाज्यांना पाणी सुटलं की त्यात दोन वाट्या पातळ पोहे घाला, वरून पाणी घालू नका. हलक्या हाताने कालवून झाकण ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत पोहे ते पाणी पिऊन मऊ होतात. मग दोन चमचे दाण्याचं कूट आणि घरात असेल तर ओलं खोबरं घाला. फोडणीची आठवणही येत नाही. लिंबू मात्र चुकवू नका, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पोह्यांतलं लोह अंगी लागतं.

चावायचाही कंटाळा आला असेल तर सातू. भाजलेले गहू आणि डाळं दळून केलेलं हे पीठ शिजवावं लागत नाही. चार चमचे पिठात आधी थोडंसंच दूध घालून बोटांनी गुठळ्या मोडा, मग उरलेलं दूध आणि गूळ घाला. मधुमेह असेल तर दूध-गुळाऐवजी ताक, मीठ आणि जिरेपूड घाला. नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मला तर हेच बरं वाटतं.

मोड आलेल्या मुगांबद्दल मात्र सांभाळून. कच्च्या मोडांत जंतू वाढू शकतात, म्हणून गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी माणसाने ते कच्चे खाऊ नयेत. राजमा तर कुणीच कच्चा खाऊ नये, तो बाधतो.

जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे द्राक्षं मुबलक असतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि दह्यात घालून खा, सोबत मूठभर फुटाणे घ्या. नुसत्या द्राक्षांवर जेवण होत नाही.

आणि अगदीच वाईट दिवस असेल, काकडीही धुवायला उठवत नसेल, तर उशाशी केळं, दाणे आणि पेलाभर दूध पुरे. तेवढं खाल्लंत तरी स्वतःवर रागावू नका. शेजारच्या काकूंनी "काही आणू का गं?" असं विचारलं तर "नको" म्हणू नका. पोळी-भाजी केंद्रातून चार पोळ्या आणायला सांगा. दोन केळी कुस्करून त्यात दूध आणि जराशी साखर घातली की शिकरण तयार. काकूंनाही बसवून घ्या, दोघी मिळून जेवा.