परीक्षा केंद्र मिळालंय? लॅबवाल्याने आधी वायरी मोजाव्यात

कॉलेजच्या संगणक लॅबला ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मिळाल्याचं पत्र आलं की प्राचार्य मांडव, पिण्याचं पाणी आणि पार्किंग विचारतात. ते होईल, त्याला माणसं आहेत. तुम्ही आठ दिवस आधी एक दुपार मोकळी ठेवा, शिपायाला टॉर्च घेऊन बोलवा आणि नेटवर्क स्विचमधून, म्हणजे सगळे संगणक जोडणाऱ्या डबीतून, निघणारी एकेक लॅन केबल हातात धरून तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. जी कुठे जाते हे कुणालाच सांगता येत नाही, ती तिथल्या तिथे काढा. आमच्याकडे अशी एक फॉल्स सीलिंगमधून शेजारच्या स्टाफरूमकडे गेलेली सापडली. कधीकाळी प्रिंटरसाठी ओढलेली. प्रिंटर भंगारात गेला, केबल राहिली. काळंबेरं काही नव्हतं, पण केंद्र तपासायला आलेल्या माणसाला ते पटवताना घाम फुटला.

हा खटाटोप का, तेही सांगतो. पेपर कुलूपबंद होऊन केंद्रावरच्या सर्व्हरवर उतरतो आणि शिफ्टच्या तोंडावरच उघडतो. तिथवरची काळजी परीक्षा घेणारी कंपनी घेते. पेपर उघडल्यानंतरची भानगड आपल्या खोलीतली असते. २०२१च्या जेईई मेनमध्ये हरियाणातल्या सोनिपतच्या केंद्रावरचे संगणक बाहेरून चालवून पेपर सोडवल्याचा आरोप झाला, सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये परीक्षेच्या सॉफ्टवेअरशी छेडछाड केल्याच्या आरोपावरून एका रशियन नागरिकाला अटक केली. उमेदवार माऊस धरून बसलेला, पेपर सोडवणारा भलतीकडेच.

म्हणून दुरून संगणक चालवायची एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही सॉफ्टवेअर दोन्ही काढा. मला माहीत आहे, ते तुम्हीच टाकलेत, दर वेळी तिसऱ्या मजल्यावर चढायचा कंटाळा म्हणून. मीही टाकले होते. नुसतं अनइन्स्टॉल करण्यापेक्षा सगळी मशीन फॉरमॅट करून एकाच स्वच्छ इमेजवरून, म्हणजे तयार सिस्टिमच्या एकाच प्रतीवरून, लोड करा. ॲडमिनचा पासवर्ड कॉलेजचं नाव आणि पुढे १२३ असा असेल तर तो पोरांना पहिल्या वर्षापासून पाठ आहे, बदला. बायोसला (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड, पेन ड्राइव्हवरून बूट बंद, वायफाय आणि ब्लूटूथ बंद. सीपीयूच्या मागे हात फिरवा: वायरलेस कीबोर्डचा नखाएवढा डोंगल तिथे विसरलेला असतो. बायोसमध्ये शिरलाच आहात तर तारीख बघा. आतली गोळीसारखी बॅटरी संपली की मशीन सकाळी २००९ सालात जागं होतं आणि परीक्षेचा ब्राउझर सर्व्हरशी बोलेनासा होतो. पोरगं रडकुंडीला येतं आणि दोष मात्र नेटला जातो.

आता वीज. यूपीएसवर हिरवा दिवा आहे यावर विश्वास ठेवू नका. सगळी मशीन चालू करा, सगळ्यांना सांगा आणि मेन स्विच खाली ओढा. आम्ही पहिल्यांदा ओढला तेव्हा मागच्या दोन रांगा एकदम काळ्या पडल्या. कधीतरी कूलर लावण्यासाठी त्या रांगांचे सॉकेट कुणीतरी कच्च्या लाइनवर, म्हणजे यूपीएस सोडून थेट विजेवर, घेतले होते. जनरेटर उठेपर्यंतचे काही सेकंद यूपीएसने धरायचे आणि मग जनरेटरने पूर्ण शिफ्ट ओढायची, एसीसकट. डिझेल काठी बुडवून बघा. महावितरणच्या कार्यालयाला परीक्षेच्या तारखांचं पत्र द्या आणि पोच घ्या.

दहा टक्के मशीन जादा ठेवा. एखादं बंद पडलंच तर उत्तरं सर्व्हरवर असतात. उमेदवार दुसऱ्या जागी बसून उरलेल्या वेळेपासून पुढे सुरू करतो. हे पर्यवेक्षकांना आदल्या दिवशीच्या मॉकमध्ये (रंगीत तालमीत) करून दाखवा, तोंडी सांगून भागत नाही. नाहीतर घाबरून कुणीतरी रीस्टार्ट दाबत बसतं.

बोटांच्या ठशांच्या टेबलावर ओला आणि कोरडा असे दोन रुमाल ठेवा. बांधकामावरची, शेतातली बोटं झिजलेली असतात. लग्नसराईत मेंदी असते. ठसा उमटला नाही तर काय करायचं, हे कंपनीच्या माणसाला रांग लागण्याआधी विचारून ठेवा.

माणसांचं प्रकरण नाजूक. लॅब असिस्टंटचा भाचा परीक्षेला असेल तर असिस्टंटला त्या दिवशी सुट्टी. वाईट वाटलं तरी चालेल. मोबाइल सगळ्यांचे पेटीत, तुमचाही. केंद्र सरकारच्या परीक्षांना २१ जून २०२४पासून नवा कायदा लागू आहे. संगणक किंवा नेटवर्कशी छेडछाड हा त्यात गुन्हा आहे. तीन ते पाच वर्षं कैद, दहा लाखांपर्यंत दंड. परीक्षा घेणाऱ्या कंपनीला तर एक कोटीपर्यंत. एवढा परिच्छेद स्टाफला वाचून दाखवा, भाषण नको.

गेटवर मोठ्या आवाजाचा, शांत डोक्याचा एक माणूस आणि एक माइक. २१ ऑगस्ट २०२३ला तलाठी भरतीचं सकाळचं सत्र सर्व्हरच्या अडचणीमुळे राज्यभर रखडलं होतं. असं झालं की तुमच्या हातात फारसं काही नसतं, पण रात्रीच्या एसटीने आलेल्या पोराला दर दहा मिनिटांनी काहीतरी खरं सांगणं असतं. ‘अजून कळलेलं नाही’ हेही चालतं.

शिफ्ट संपली की कच्चे कागद मोजून परत घ्या, आणि उत्तरं वर पोचल्याचा मेसेज सर्व्हरवर दिसेपर्यंत काही बंद करू नका. तोवर जनरेटरवाल्यालाही सोडू नका. त्याचा डबा आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे दर वेळी नेमका त्याचाच राहतो.